कंसात

इंगवले मॅडमचा रेकॉर्डर माझ्या टेबलावर असतो,
शाहूपुरीत, चौथ्या गल्लीत, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत.
विषय : आशियाई स्थलांतरित समूह, धर्म आणि विस्थापन.
तासाला एकशेवीस रुपये. ऐकायचं आणि उतरवायचं.
मॅडम म्हणाल्या, मनाचं काही घालू नका, शालन;
ऐकू आलं नाही तर कंसात लिहा : अस्पष्ट.

फाईल सात. गांधीनगर. जेठीबाई लखवाणी, वय शहाऐंशी.
मागं कापड टर्रकन फाटतंय, कुणी मीटरचा भाव विचारतंय.
ती सांगते, कराचीच्या बोटीत आईनं दोनच वस्तू घेतल्या,
पिठाचा डबा आणि दिवा.
दिवा विझला नाही वाटेत?
म्हातारी हसते. बेटी, बोटीत वारा असतो.
विझला. लावला. विझला. परत लावला.
इथं आलो तर नुसत्या बराकी. नदी कुठंय,
आईनं आधी हेच विचारलं, प्यायचं पाणी नंतर.
चेटीचंडला बहराणा सिंधूत सोडायचो, तो पंचगंगेत सोडला.
लालसाईंना चालली का ही नदी?
इथं अकरा सेकंद काही नाही. पंखा फक्त.
मी लिहिलं : (अस्पष्ट).
मग खोडलं. पंखा अगदी स्पष्ट होता.

फाईल तेरा. भक्तबहादुर रोका, जिल्हा अछाम, नेपाळ.
नागाळा पार्कातल्या सोसायटीत रात्रपाळीला.
देव तिकडंच राहिला, म्हणतो,
डोंगर हलत नाही, देव कसा हलेल?
बोकडाचा वाटा गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवतो.
रविवारी मात्र जोतिबाला जातो.
लोक म्हणाले हा केदारनाथ, तुमच्याच बाजूनं उतरला.
गुलालात उभा राहिलो, विचारलं,
काय दाजू, परत कधी जायचं?
मॅडम हसल्या. तो हसला नाही.

फाईल सोळा. नोरझोम, थंडीत स्वेटर विकते.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
नाव, वय, मग ‘हे बंद करा.’
मॅडमनी त्याचेही पूर्ण तासाचे पैसे दिले.

पहिल्या पानावर व्याख्या आहे, मीच टाईप केलेली :
स्थलांतरित म्हणजे सीमा ओलांडून आलेली व्यक्ती.
मी चंदगडची. एकोणिसाव्या वर्षी एस्टीनं आले,
दोन उलट्या आणि आजऱ्यात एक चहा,
सीमा म्हणाल तर तेवढीच.
रुखवतात अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा होती.
सासूबाईंनी तिला जागा दिली, टाकांच्या मागं,
तांदळात गळ्यापर्यंत.
आमच्या रवळनाथाचं कुणी काढलं नाही.
कुलदैवत विचारतात तिथं मी जोतिबा लिहिते,
चोवीस वर्षं, एकाच अक्षरात.
बोलीला नणंदा हसायच्या, तीही ठेवून दिली कुठंतरी.
अंबाबाईसुद्धा रुसून आली म्हणतात इथं,
तिरुपतीहून तिला दरवर्षी शालू येतो.
शालू येतो. ‘येतेस का?’ असं विचारतात की नाही
ते मला माहीत नाही.

फाईल सातच्या शेवटी, मुलाखत संपल्यावर,
रेकॉर्डर चालूच राहिलाय.
कपबशा वाजतात. जेठीबाई विचारते,
तुझ्या आईचा देव कुठला गं?
सासरचा नाही. आईचा.
मॅडम म्हणतात, आईचा म्हणजे...
आणि बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत राहतो.
हा भाग गाळा, असा मॅडमचा मेसेज होता.
गाळला.

घरी येऊन अन्नपूर्णेचे तांदूळ बदलले,
जुने गच्चीत चिमण्यांना टाकले.
लहानपणी देवळाच्या पायरीवर आम्ही पोरी
रवळनाथाला काहीतरी म्हणायचो, चार ओळी असतील.
कणीक मळता मळता पहिली आली,
आमच्याच बोलीत, न अडखळता.
दुसरीच्या वेळी कुकरची शिट्टी झाली.